भाड्याच्या फ्लॅटमध्ये दीड वर्षाचं बाळ आणि सत्तरीची आई आहे, घरात अपघात होऊ नयेत म्हणून आधी काय करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की बिल्डिंग जुनी आहे, पुढच्या महिन्यात शिफ्ट होताय, बजेट फार नाही आणि नेमकी सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये. मी पुण्यात वायरमनचं काम करतो, त्यामुळे माझं उत्तर लाईटकडे जास्त झुकणार, पण कामाच्या निमित्ताने लोकांची किचन आणि बाथरूम रोजच बघतो म्हणून बाकीचंही सांगतो.

पहिली गोष्ट, "जरा लक्ष ठेवा, सांभाळून वापरा" यावर घर सेफ होत नाही. बाळ रांगतंय, आईला रात्री दोनदा उठावं लागतं, तुमची सकाळी ऑफिसची गडबड, यात चोवीस तास लक्ष कोण ठेवणार? कोणाचं लक्ष नसलं तरी इजा होऊ नये अशी घराची मांडणी करून घ्यायची. आणि ती सामान यायच्या आधीच, कारण एकदा बोर्डासमोर कपाट लागलं की मग ते कोणी हलवत नाही.

सगळ्यात आधी मीटरपासून आत आलेला मेन डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या लाईनींचे स्विच असलेला बॉक्स, उघडून बघा. एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच, असतीलच, आणि लोकांना वाटतं एमसीबी आहे म्हणजे शॉक लागला की ट्रिप होईल. तसं होत नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, 16 अँपिअरचा असेल तर 16 च्या वर लोड गेला किंवा शॉर्ट झालं तर पडतो. माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी करंट पुरतो, 0.1 अँपिअरसुद्धा जीवघेणा असतो, आणि तेवढ्याने एमसीबी हलतसुद्धा नाही. माणसासाठी लागतो तो आरसीसीबी, ज्याला बरेच जण अजून ईएलसीबी म्हणतात. तो फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सतत ताडून बघतो, फरक पडला म्हणजे करंट कुठेतरी भलतीकडून, कदाचित माणसातून, जमिनीत चाललाय, की लगेच सप्लाय तोडतो. घरासाठी 30 मिलीअँपिअरचाच घ्या. दुकानदार 100 किंवा 300 चा देऊ करेल, तो आग लागू नये यासाठी ठीक, माणसासाठी नाही. मजुरी धरून दोन-अडीच हजारांच्या आसपास काम होतं आणि तुमच्या बजेटमध्ये एकच गोष्ट बसत असेल तर मी डोळे झाकून हीच करा म्हणेन. त्यावर टी लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, खटकन पडला पाहिजे, नाही पडला तर बदलायचा.

जुन्या बिल्डिंगमध्ये आरसीसीबी बसवला की कधी कधी सारखा ट्रिप होतो आणि मग कोणीतरी शहाणा येऊन तो बायपास करून जातो. तसं अजिबात करू देऊ नका. कुठेतरी करंट लीक होतोय किंवा दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेत म्हणून तो पडतोय, एकेक सर्किट बंद करत शोधलं की सापडतं, वेळ लागतो पण सापडतं. आणि एक लक्षात ठेवा, एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला तर आरसीसीबीला फरक कळतच नाही, त्यामुळे बाळाच्या हाताला येतील असे खालचे सॉकेट आतून झाकण असलेले, शटरवाले घ्यायचे.

मग अर्थिंग, म्हणजे मशीनच्या बॉडीत उतरलेला करंट जमिनीत नेणारी वायर. थ्री-पिनची वरची जाड पिन लांब असते ती उगाच नाही, प्लग घालताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा म्हणून. पण त्या भोकाच्या मागे खरंच काही जोडलंय का ते बोर्ड उघडल्याशिवाय कळत नाही. कितीतरी बोर्डात मी बघितलंय, हिरवी वायर आत आलेली असते आणि तिचं टोक नुसतं मागे वाकवून ठेवलेलं असतं, स्क्रूखाली घेतलेलंच नसतं, वरून प्लेट एकदम चकाचक. लायसनवाल्या वायरमनकडून गीझर, फ्रिज आणि वॉशिंग मशीन या तीन पॉइंटचं अर्थिंग तरी चेक करून घ्या. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्या दिवशी गीझर लावायचाच नाही. 2000 वॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, त्याला 16 अँपिअरचाच पॉइंट हवा, 6 च्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून चालवला तर आत प्लास्टिक वितळतं. पाणी तापवायचा रॉड शक्यतो नकोच, घरात रांगतं बाळ असताना तर नकोच.

पावसाळ्यात आमच्याकडे दरवर्षी ज्या बातम्या वाचून वाईट वाटतं त्या कपडे वाळत घालायच्या तारेच्या. लोखंडी तार, एक टोक पत्र्याच्या शेडला किंवा सर्व्हिस वायरच्या, म्हणजे खांबावरून घरात येणाऱ्या वायरच्या, पाइपला बांधलेलं, कुठेतरी इन्सुलेशन गेलेलं, ओला टॉवेल टाकायला जाते ती चिकटते आणि तिला ओढायला जातो तोही चिकटतो. नायलॉनची दोरी वापरा, विषय संपला. आणि घरात सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, मेन स्विच कुठे आहे ते दाखवून ठेवा, कोणाला शॉक लागलेला दिसला तर आधी मेन बंद, त्याशिवाय त्या माणसाला हात लावायचा नाही.

बाथरूममध्ये आधीच्या भाडेकरूचा गॅस गीझर असेल तर तो काढायला लावा, घरमालकाशी भांडावं लागलं तरी चालेल. थंडीत खिडकी बंद, दार बंद, आत ज्योत पेटलेली, हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. डोकं जड होतं, चक्कर येते, पायातला जीव जातो आणि कडी काढायलाही माणूस उठू शकत नाही. गॅस गीझर हवाच असेल तर तो बाहेर मोकळ्या बाल्कनीत, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. बारीकशी खिडकी किंवा एक्झॉस्ट आहे ना, मग चालतंय, असं जे म्हणतात त्यांचं ऐकू नका.

सिलेंडरचं थोडक्यात सांगतो. रबरी पाइपवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदलायचा, चिरा दिसल्या तर आधीच. सिलेंडरच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि वर्ष असतं, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, ती टेस्टिंगची तारीख उलटून गेली असेल तर घेऊ नका. लीकेज साबणाच्या पाण्याने बघायचं, काडी ओढून नाही. वास आला तर एकही बटण दाबायचं नाही, चालू करायचं नाही तसंच बंदही करायचं नाही, कारण स्पार्क दोन्हीकडे होतो, आणि एक्झॉस्ट लावायचा मोह तर बिलकुल नको. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि बाहेरून 1906 ला फोन, तो चोवीस तास चालू असतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार पण उघडायचं.

बाळाचं बघायचं तर मला सर्वात जास्त भीती बादलीची वाटते. वीतभर पाण्यातही बाळ डोक्यावर पडलं तर त्याला स्वतःहून वर येता येत नाही, त्यामुळे पाणी नसलं तर चालेल पण भरलेली बादली उघडी नको, बाथरूमला बाहेरून वर कडी लावून घ्या. आंघोळीचं पाणी काढताना आधी गार, मग त्यात कढत, हा क्रम घरात सगळ्यांना लावा. भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरायचं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, आणि बाळ भाजलं असेल तर नंतर डॉक्टरांना दाखवायचंच. रिमोट आणि लाईटच्या खेळण्यातले बटणासारखे गोल सेल गिळले तर दोनेक तासांत अन्ननलिका आतून भाजायला लागते, तेव्हा रडतंय का, दुखतंय का याची वाट न बघता तडक हॉस्पिटल. उंदराची पेस्ट घरात आणूच नका, पिवळ्या फॉस्फरसवाली पोटात गेली तर पहिला दिवस-दीड दिवस सगळं ठीक वाटतं आणि मग लिव्हर जातं. फिनेल, रॉकेल, ॲसिड कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका, आणि चुकून प्यायलं गेलं तर उलटी काढायची नाही, बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जायचं. अख्खे शेंगदाणे चार-पाच वर्षांपर्यंत नकोत, कूट चालेल.

आईंसाठी तीन कामं करा. बेडपासून बाथरूमपर्यंत रात्रभर जळणारा अर्धा-एक वॉटचा छोटा दिवा, त्याचं बिल महिन्याला काहीच येत नाही. कमोडशेजारी आणि शॉवरखाली भिंतीत ड्रिल करून बसवलेला स्टीलचा दांडा, व्हॅक्यूमने चिकटवायचा नाही, तो भार आला की निघून येतो. आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॉक, कारण पडल्यावर आतली कडी काढायला त्या उठू शकल्या नाहीत तर दार फोडण्यात वेळ जातो. सरकणारं पायपुसणं तेवढं काढून टाका.

घरमालक खर्चाला नाही म्हणाला तर आरसीसीबी स्वतःच्या पैशाने बसवा, बिल जपून ठेवा आणि घर सोडताना तो काढून नेणार असं ॲग्रीमेंटमध्ये एक ओळ टाकून घ्या, बहुतेक मालक त्यावर अर्धे पैसे द्यायला तयार होतात. डीबीचा झाकण उघडून फोटो टाकलात तर आत काय आहे, काय नाही ते बघून सांगतो.