वाचताना मुलाची नजर सारखी मागे जाते. डोळ्यांच्या व्यायामांनी वाचन सुधारेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नऊ वर्षांचा आहे, वाचताना ओळ चुकतो, त्याच शब्दावर पुन्हा पुन्हा येतो आणि कोणीतरी नजरेच्या व्यायामांचा महागडा कोर्स सुचवलाय. मी वाचनात अडणाऱ्या मुलांना शिकवते. डोळे जरूर तपासून घ्या. पण वाचन सुधारेल या आशेवर तो कोर्स लावू नका.

वाचताना कोणाचीच नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, ती उड्या मारत जाते. इंग्रजी वाचणारा सराईत प्रौढ एकेका जागी साधारण २०० ते २५० मिलिसेकंद थांबतो, सात-आठ अक्षरं पुढे जातो, आणि त्याच्याही १० ते १५ टक्के उड्या मागे असतात. मागे जाणं हा दोष नाहीच. २०१४ मध्ये शॉटर, ट्रॅन आणि रेनर या संशोधकांनी एका प्रयोगात वाचून झालेले शब्द लगेच झाकत नेले. मागे वळून बघायची सोयच गेली, तेव्हा चांगल्या वाचकांनाही वाक्यं कमी समजली.

डिस्लेक्सिया, म्हणजे शब्द वाचायला शिकण्यातली कायमची अडचण, असलेल्या मुलांचे थांबे लांब असतात, उड्या छोट्या, मागे जाणं जास्त. हे खरं आहे, आणि गैरसमज इथेच सुरू होतो. १९८१ मध्ये पाव्हलिडिस या संशोधकाने मांडलं की नुसते दिवे क्रमाने बघतानाही या मुलांची नजर भरकटते, म्हणजे मूळ बिघाड डोळ्यांच्या हालचालीत आहे. पुढे इतरांनी तेच करून पाहिलं, तर तसं आढळलं नाही. उलट या मुलांना त्यांना झेपेल असा मजकूर दिला की त्यांची नजर बरीचशी इतर मुलांसारखी चालते; आणि चांगल्या वाचकाला फार अवघड मजकूर दिला की तोही असाच अडखळतो. शब्द उलगडत नाही म्हणून नजर थांबते आणि वळते. नजरेला कवायत देऊन शब्द कसा उलगडणार?

व्यायामांच्या बाजूनेही काही आहे, ते लपवणार नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात डावीकडून उजवीकडे भराभर अंक वाचायच्या सरावानंतर लहान मुलांच्या वाचनाचा ओघ वाढला होता. पण अंक मोठ्याने, वेगाने म्हणण्यात चिन्ह ओळखून त्याचं नाव सांगण्याचाही सराव होतो, लक्षही लागतं. त्यामुळे सगळं श्रेय डोळ्यांना द्यायला मी तयार नाही.

जवळचं बघताना दोन्ही डोळे नीट आत वळत नसतील, तर मात्र गोष्ट वेगळी. त्याने डोकं दुखतं, अक्षरं दुहेरी दिसतात, आणि त्यावर दवाखान्यात करून घेतलेल्या व्यायामांचा उपयोग होतो. तरी अमेरिकेतल्या सीआयटीटी-एआरटी या २०१९ च्या चाचणीत, हाच त्रास असलेल्या ९ ते १४ वर्षांच्या ३११ मुलांमध्ये, १६ आठवड्यांच्या खऱ्या उपचाराने वाचनाचं आकलन नुसत्या दिखाऊ उपचारापेक्षा जास्त सुधारलं नाही. डोळ्यांचा त्रास असेल तर तो त्रास म्हणून बरा करावा, हे माझं मत अशा निकालांवरून बनलंय.

कोर्सचे पैसे आणि वेळ वाचन शिकवण्यातलं प्रशिक्षण असलेल्या शिक्षकाकडे लावा. शब्दातले आवाज सुटे करणं, अक्षर आणि आवाज यांची जोडी पक्की करणं, आणि रोज थोडं मोठ्याने वाचणं, तेही अशा पुस्तकातून की ज्यातले बहुतेक शब्द त्याला जमतात. वाचताना तो मागे गेला तर जाऊ द्या. ओळ सुटत असेल तर खाली पट्टी धरायलाही हरकत नाही.