शिबिरात उघड्यावरची उपासना

प्रश्न : मे महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या 10 ते 14 वयाच्या चाळीसेक मुलांना पाचगणीला नेत आहोत. रोजची उपासना मैदानात घ्यायची आहे. काय सांभाळावं?

उत्तर : सकाळीच घ्या, साडेसहा ते सात. दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही. मुलांना पश्चिमेकडे तोंड करून बसवा, म्हणजे ऊन पाठीवर येतं. वारा सांगणाऱ्याच्या पाठीमागून यायला हवा. उलटा असला की मागच्या मुलांना ऐकू येत नाही आणि चुळबुळ तिथूनच सुरू होते. सरळ रांगांपेक्षा तीन अर्धवर्तुळं बरी. खाली सतरंज्या हव्यात, गवतावर दव असतं.

गीतं दोनच, आणि पाठ असलेली, कागद उडतात. धुक्यात ढोलकीचं कातडं सैल पडतं, तेव्हा झांजा न्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं इथे फार उपयोगी : एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी धरायचं, पेटीवाचून अडत नाही. वाचनाला बायबलमधलं स्तोत्र 8 किंवा 121 घ्या. दोन्ही दहा ओव्यांच्या आत संपतात.

मग एकांत, म्हणजे प्रत्येकाने वेगळं, शांत बसून मनन करायचं. लहानांना सात मिनिटं, मोठ्यांना पंधरा. प्रत्येक मूल कार्यकर्त्याच्या नजरेच्या टप्प्यात आणि कड्यापासून लांब बसलेलं असावं. ‘देव तुझ्याशी काय बोलला?’ असं विचारलं की मुलं आपल्याला आवडेल ते रचून सांगतात. ‘कोणता शब्द लक्षात राहिला?’ एवढंच विचारा.

प्रश्न : शेवटच्या रात्री शेकोटीपाशी ख्रिस्ताला स्वीकारण्याचं आवाहन करावं का?

उत्तर : आमच्या मते नको. दमलेली मुलं, अंधार, शेजारची मैत्रीण रडतेय. अशा वेळी वर गेलेल्या हाताचा अर्थ लावता येत नाही. ज्याला बोलायचंय त्याने दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, भेटावं, इतरांना दिसेल अशा जागी. पुढचं घरी आणि मंडळीत. इतर धर्मांची मुलं असतील तर उपासनेला बसवण्याआधीच पालकांची लेखी संमती घ्या. त्यांना आवाहन मुळीच नाही.

शेकोटीला गाणी आणि आभार पुरेत. जागामालकाला विचारूनच पेटवा, वनखात्याच्या हद्दीत नाहीच. भोवतालचं वाळलं गवत काढा, पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवा आणि उजेड असतानाच झाडावर नजर टाका : आग्या मोहोळ असेल तर धुराने माश्या उठतात. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.