काका, मला वाचवा… पण कोणत्या तिथीला?

गेल्या अंकात पानाच्या तळाशी सहज लिहिलं होतं, तुमच्याकडे एखादी भुताची गोष्ट असेल तर कळवा. एरवी वर्षभर मी जुनी गहाणखतं आणि वंशावळी मागत असते, तेव्हा महिन्याला चार पत्रं येतात. या वेळी टपालाची पिशवी भरली. असो. माझं आयुष्य मोडी कागद वाचण्यात गेलं, मंत्र घालण्यात नव्हे. उत्तरंही त्याच बेताची आहेत.

शनिवारवाड्यात अमावास्येच्या रात्री 'काका, मला वाचवा' अशी हाक ऐकू येते, असं मी म्हणतो. भाचा म्हणतो पौर्णिमेला. आमची पैज लागली आहे. निकाल द्यावा.

दोघंही हरलात. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. वार सोमवार, तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, वाड्यात गणपती बसलेले. ना अमावास्या, ना पौर्णिमा. आपण घरचं श्राद्ध करताना तिथी चुकवत नाही. मग ज्याचा जीव गेला तोच आपली तिथी कशी विसरेल? माझा तर्क असा की एका सांगणाऱ्याला गोष्टीत काळोख हवा होता, म्हणून त्याने अमावास्या घातली. दुसऱ्याला वाडा दिसायला हवा होता, त्याने पौर्णिमा घातली.

घडलं ते भुतापेक्षा भयंकर होतं. पोर अठरा वर्षांचं. सुमेरसिंगाचे गारदी थकलेल्या पगाराची ओरड करत वाड्यात घुसले. नारायणराव जिवाच्या भीतीने पळत चुलत्यांकडे, रघुनाथरावांकडे गेले आणि त्यांना बिलगले. तिथेच त्यांना तोडलं. पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. ते कुणी अमलात आणलं नाही ही गोष्ट वेगळी. 'धरावे'चं 'मारावे' केलेली आनंदीबाईंची चिठ्ठी सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण मोडी वाचणारी म्हणून सांगते, ती मी पाहिलेली नाही आणि पाहिलेला माणूसही मला आजवर भेटलेला नाही.

आता जागेचं बोलू. १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली आणि लाकडी मजले जळून गेले. उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंजं. नारायणराव ज्या दालनांतून पळाले ती दालनं आज नुसती हवा आहेत, खाली हिरवळ. हाक ऐकायला जाणारे बहुतेक जण दिल्ली दरवाजाबाहेर रिक्षांच्या आवाजात उभे असतात.

मला मात्र एक कोडं पडतं. नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव बापाच्या खुनानंतर साडेसात महिन्यांनी जन्मला. तो ऑक्टोबर १७९५ मध्ये याच वाड्यात वरून खाली पडला आणि दोन दिवसांनी गेला. वय एकवीस. तोल गेला की उडी घेतली, हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणजे भूत व्हायला लागतं ते सगळं त्याच्याकडे आहे: तरुण वय, अपमृत्यू, तोच वाडा. तरी त्याचं भूत कुणी सांगत नाही. का? मला वाटतं, त्याच्या वाट्याला वाक्य आलं नाही. 'काका, मला वाचवा' या तीन शब्दांत नातंही आहे आणि दगाही. पडणारा माणूस काही बोलला असेल तर ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

पैजेचे पैसे दोघांनी मिळून खर्च करा. वाडा दिवसा पाहून या.

आमच्या घाटात रात्री पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते आणि पुढच्या वळणावर गाडीतून नाहीशी होते. माझ्या मित्राच्या मेव्हण्याने स्वतः पाहिलं आहे.

मित्राचा मेव्हणा हा भुतांच्या प्रांतातला सगळ्यात कष्टाळू माणूस. प्रत्येक घाटात तो रात्री गाडी चालवत असतो, आणि मला मात्र कधी भेटत नाही.

ही बाई फार फिरलेली आहे हो. अमेरिकेत बियर्डस्ली आणि हँकी या दोन लोककथा-अभ्यासकांनी १९४२-४३ मध्ये तिच्या ७९ गोष्टी गोळा करून छापल्या. शिकागोत ती 'रेझरेक्शन मेरी' म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे तिच्या अंगात नाचाचा पांढरा झगा असतो आणि ती दफनभूमीशी उतरते. आपल्या घाटात आली की साडी नेसते आणि वळणावर उतरते, एवढाच फरक.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक बोलते. घाटात पांढऱ्या धोतरातला म्हातारा लिफ्ट मागतो, अशी गोष्ट मला एकानेही पाठवलेली नाही. रात्री रस्त्यावर एकटी बाई दिसली की ती जिवंत असेल, हे आपल्याला सुचतच नाही. उद्या खरोखर कुणी हात केला आणि थांबायची भीती वाटली, तर निदान ११२ ला फोन करा. तिची गाडी बंद पडलेली असू शकते.

गावातला आमचा वाडा वीस वर्षं बंद आहे. रात्री माळ्यावर कुणीतरी घोरतं, मधूनच बाई किंचाळते. भावकी म्हणते, आजोबांच्या विधवा बहिणीचा आत्मा आहे. गावात वाड्याला गिऱ्हाईक मिळेना.

तुमचं पत्र वाचून मला माझी एक रात्र आठवली. एका वाड्यातले रुमाल तपासायला गेले होते. कागदांचे रुमाल, तोंड पुसायचे नव्हेत. यजमानांनी सोप्यात झोपायची सोय केली आणि जाताना म्हणाले, "वर आवाज झाला तर लक्ष देऊ नका, आमचं जुनंच आहे." बाराच्या सुमारास सुरू झालं. श्श्श… थांबून पुन्हा श्श्श… जणू कुणी दातांतून श्वास ओढतंय. मग अंगणावरून चिरकी किंकाळी गेली. खोटं कशाला सांगू, मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि रामरक्षेची पहिली ओळ तीनदा म्हटली, कारण दुसरी आठवेना.

सकाळी विजेरी घेऊन माळ्यावर गेले. तुळईखाली पांढरी विष्ठा आणि अंगठ्याएवढे काळपट गोळे पडलेले. एक उचलला. हलका, लोकरीसारखा. बशीत कोमट पाण्यात भिजवून सुईने उकलला, तर आत केसांत गुंडाळलेली उंदराची कवटी निघाली. पुढचे दात अजून नारिंगी. कोपऱ्यात तीन पिल्लं, पानाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्यांची, माझ्याकडे बघून पुन्हा श्श्श करायला लागली. गव्हाणी घुबड. पिल्लं भुकेने असा आवाज करतात, आणि मोठं घुबड घूघू करत नाही, किंचाळतं. उडताना मात्र पंखांचा आवाज नाही, त्यामुळे किंकाळी हवेतूनच आल्यासारखी वाटते.

तुमच्या माळ्यावर आधी हे गोळे शोधा. सापडले तर घुबडांना हुसकू नका. कायद्याने ती संरक्षित आहेत, आणि धान्य असलेल्या घराला त्यांच्याएवढा स्वस्त राखणदार मिळणार नाही. पिल्लं उडून गेली की झरोक्याला जाळी मारा. गोळे नाही सापडले, तर उदमांजर असेल, ते कौलांवरून माणसासारखं चालतं.

आजोबांच्या बहिणीबद्दल एक विचारू? तिचं नाव काय होतं? चार पानी पत्रात ते कुठेच नाही. वाटणीच्या कागदात तिच्या पोटगीची नोंद असू शकते. सापडली तर मला छायाप्रत पाठवा. भावकीला घुबडाचा आवाज तिचाच का वाटतो, याचं उत्तर कदाचित त्या कागदात मिळेल.

कोकणात चकवा लागतो म्हणजे नेमकं काय? आमचे काका रात्रभर चालून पहाटे त्याच आंब्याखाली पोचले.

काका खरं बोलतायत. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी हेच करून पाहिलं आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले. माणसांना मोठ्या जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात नेऊन 'सरळ चाला' म्हणून सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलं की जंगलातले गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आले, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. डोळे बांधल्यावर तर काहींचं वर्तुळ वीस मीटर व्यासाइतकं लहान झालं. एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब असतो म्हणून असं होतं, ही समजूतही खोटी ठरली, कारण तोच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. सरळ म्हणजे कुठे, याचा अंदाजच हळूहळू सरकत जातो.

माझे आजोबा सांगायचे, चकवा लागला की जागच्या जागी बसायचं, तंबाखू मळायची आणि तांबडं फुटेपर्यंत उठायचं नाही. ट्युबिंगेनवाल्यांनाही यापेक्षा चांगला सल्ला देता येणार नाही, तंबाखू वगळून.

आम्ही सहा मित्र राजस्थानातल्या भानगढच्या ओसाड किल्ल्यात रात्र काढणार आहोत. सरकारनेच तिथे भुतांमुळे रात्री बंदीचा फलक लावलाय ना?

फलक नीट वाचा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी प्रवेशाला मनाई केली आहे. भुताचा शब्द त्यात नाही. संरक्षित स्मारकं बहुतेक ठिकाणी सूर्यास्ताला बंदच होतात. शेजारी सरिस्काचं जंगल आहे, बिबट्यांना दंतकथा लागत नाही. राणी रत्नावती आणि तांत्रिकाच्या तेलाची गोष्ट सुरेख आहे, शिळा गडगडत येऊन तांत्रिकालाच चिरडते वगैरे. ओसाड गावाला मात्र १७८३ चा दुष्काळही पुरेसा होता. दिवसा जा.

माझ्या धाकट्या जावेला रात्री छातीवर कुणीतरी बसतं, हलता येत नाही, ओरडता येत नाही. घरी भगत आणला. तो म्हणतो हडळ आहे, येत्या अमावास्येला मिरचीची धुरी आणि वेताचे फटके. मला हे पाहवणार नाही. नाव छापू नये.

ताई, हे उत्तर अंक निघायची वाट न पाहता तुम्हाला आधीच टपालाने पाठवलं आहे. इथे इतरांसाठी छापते.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं, धुरी देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलीच नोंद त्याची आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, आणि साथ देणाराही त्यात येतो, मग तो नवरा असो की सासू. अमावास्येच्या आधी पोलीस ठाण्यात जा. फटके पडल्यावर जाण्यात अर्थ नाही. तेवढा वेळ नसेल तर ११२.

जावेला होतंय त्याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. स्वप्न पडत असताना शरीर स्नायू सैल सोडून ठेवतं, नाहीतर आपण झोपेतच पळायला लागलो असतो. कधी मेंदू आधी जागा होतो आणि शरीर मागे राहतं. त्या मिनिटभरात छातीवर भार वाटतो, खोलीत कुणी उभं असल्याचा भास होतो. उताणं झोपल्यावर आणि झोपेची आबाळ झाल्यावर जास्त होतं. घरात सगळ्यांत उशिरा झोपून सगळ्यांत आधी कोण उठतं, ते जरा पाहा. तिला डॉक्टरकडे न्या, आणि सकाळचं पाणी भरायला दुसऱ्या कुणाला तरी उठवा.

मी आठवीत आहे. मला शाळेच्या प्रकल्पासाठी आमच्या गावातल्या भुतांची माहिती गोळा करायची आहे. बाई म्हणतात, अंधश्रद्धा आहे, दुसरा विषय घे.

बाईंना माझा नमस्कार सांग आणि हे वाचून दाखव. शंभर वर्षांपूर्वी हे काम शाळामास्तरांनीच केलं होतं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाटकाच्या प्रयोगाला गोळ्या घातल्या, त्याला लोकसमजुतींचा नाद होता. त्याने जमवलेली सामग्री त्याच्यामागे एन्थोवेन या अधिकाऱ्याने छापली. गुजरातचा भाग १९१४ मध्ये, कोकणाचा १९१५ मध्ये. गावोगावच्या मास्तरांनी प्रश्नावलीला दिलेली उत्तरं त्यात आहेत. विश्वास ठेवणं वेगळं आणि नोंद करणं वेगळं.

तू काय करायचं? भुतापेक्षा जागा आधी लिही: कोणती विहीर, कोणता पिंपळ, कुणाच्या बांधावर. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. म्हणून कुणाच्या घरातला, ते हळूच विचार, आणि घरच्यांना वाईट वाटलं तर नाव गाळ. बाळंतपणात गेलेल्या बायकांची हडळ होते म्हणतात. तुझ्या गावात अशा किती सांगतात ते मोज. जिथे जास्त सांगतील तिथे पूर्वी दवाखाना किती लांब होता, तेही विचार. पाण्यातला गिऱ्हा कुठल्या डोहात आहे हे म्हाताऱ्या माणसांना पक्कं ठाऊक असतं, आणि बहुधा तिथे खरंच कुणीतरी बुडालेलं असतं. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतर. 'ती म्हणाली की' असं करून सपाट करू नकोस. आजीने गोष्टीच्या मध्येच थांबून दार लावायला सांगितलं, तर तेही लिही.

वही पुरी झाली की मला एक प्रत पाठव. गिऱ्ह्याचं पान आधी.