झेंड्याबद्दल तू विचारलंस ते

सानू,

रविवारी तुझं बोलणं ऐकून मी विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आलं असेलच. तुमच्या कॉलेजसमोरच्या निदर्शनांत कुणीतरी अमेरिकेचा झेंडा पेटवला, त्याचा व्हिडिओ तू पाठवलास. मी म्हटलं, "बंद कर गं, बघवत नाही." तर तू म्हणालीस, "आई, तुम्हा मराठी लोकांचं हे असंच. वहीला पाय लागला की नमस्कार, झेंडा खाली पडला की कपाळाला लावायचा. बातम्यांत मेलेली माणसं बघत जेवता, आणि कापड जळताना बघवत नाही?" लागलं ते मला. फोनवर बोलायला गेलं की आपलं भांडण होतं, म्हणून लिहितेय.

नंदुरबारला माणिक चौकात आपण गेलो होतो ते तुला अंधूक आठवत असेल. मोठ्या आत्याने तुला कडेवर घेऊन शिरीषकुमारचं स्मारक दाखवलं होतं. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथे मुलांची मिरवणूक आली, हातात तिरंगा. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार गेला, त्याच्यासोबतचे आणखी चौघे गेले. त्याचं वय पंधरा. घरची भाषा गुजराती, त्यामुळे "नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनु" अशी घोषणा तो देत होता, असं आम्हाला शाळेत सांगायचे. निशाण झुकणार नाही. माझ्या लहानपणी दर ९ सप्टेंबरला आमची प्रभातफेरी निघायची आणि अहिराणी बोलणारी आम्ही पोरं ती गुजराती ओळ घसा फुटेस्तोवर म्हणायचो.

तुझे आजोबा, नाना, त्या वेळी लहान होते. पणजीने त्यांना घरात कोंडून दाराला कडी लावली होती. ते पुढे मास्तर झाले, पण त्या दिवशी आपण दाराआड होतो हे त्यांच्या मनातून गेलं नाही. झेंड्याला ते जसे हात लावायचे, तसा मी त्यांना देवालाही लावताना पाहिला नाही. १५ ऑगस्टची संध्याकाळ झाली की रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे गोळा करायला आम्हा भावंडांना पाठवायचे. पावसाने भिजलेले, चिखलात तुडवलेले. मैत्रिणी बघायच्या आणि मला लाज वाटायची. तरी मी ते उचलायचे, आणि आजही उचलते, हे तू पाहिलंयस. म्हणजे ही सवय "मराठी लोकांची" किती आणि एका घराची किती, हे मला खरंच सांगता येणार नाही.

आता तुझ्या बाजूची एक गोष्ट सांगते, जी मी तुला कधी सांगितली नव्हती. मी झेंडा जाळताना पाहिलाय. नानांनीच जाळला होता. शाळेचा जुना झेंडा, कडा विरलेल्या, केशरी रंग पार उडालेला. शाळेमागच्या भिंतीआड त्यांनी तो घडी करून ठेवला आणि काडी लावली. मी पाण्याची बादली घेऊन उभी होते. फाटलेला झेंडा असा एकांतात, शक्यतो जाळूनच नष्ट करावा, असा नियमच आहे. इथे अमेरिकेतही तसंच आहे. तू पाठवलेला अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा १९८९ चा जॉन्सन खटल्याचा निकाल मी पूर्ण वाचला, त्यातही न्यायमूर्ती ब्रेनननी नेमकं हेच धरलंय: झिजलेला झेंडा जाळणं योग्य आणि निषेधाचा झेंडा जाळणं गुन्हा, तर मग शिक्षा आगीला नाही, मनातल्या विचाराला होते. तिथे मी वाचता वाचता थोडी थांबले. मला तो मास्तरांचा जाळ आठवला आणि या माणसाला काय उत्तर द्यावं ते सुचेना.

निकाल पाच विरुद्ध चार मतांनी. जॉन्सनने १९८४ मध्ये डॅलसला झेंडा जाळला, टेक्ससने त्याला एक वर्षाची कैद आणि २,००० डॉलर दंड ठोठावला, आणि सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा घटनाबाह्य ठरवली. अमेरिकन संसदेने (काँग्रेसने) लगेच नवा कायदा केला, तोही १९९० मध्ये पाच विरुद्ध चारनेच पडला. विरोधातल्या चौघांत न्यायमूर्ती स्टीव्हन्स होते, दुसऱ्या महायुद्धात नौदलात काम केलेले. झेंड्याची विटंबना होऊ देऊ नये, हे त्यांचं म्हणणं मला आपल्या घरातलं वाटलं. बहुमतातले केनेडी मात्र लिहितात की हा झेंडा त्याचा तिरस्कार करणाऱ्यालाही संरक्षण देतो. बुद्धीला ते पटतं. पोटातून मी अजून स्टीव्हन्सकडेच आहे.

आपल्याकडे १९७१ चा कायदा आहे. सार्वजनिक ठिकाणी तिरंगा जाळला तर तीन वर्षांपर्यंत कैद. लहानपणी मला हे इतकं साहजिक वाटायचं की त्यावर वाद असू शकतो हेच माहीत नव्हतं. आता एक गोष्ट खुपते. १९२३ मध्ये नागपूरला झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्या लोकांना इंग्रजांनी पकडून तुरुंगात टाकलं, गावोगावहून आलेल्या सत्याग्रहींनी तुरुंग भरले. नंदुरबारची मुलं झेंडा हातात होता म्हणूनच गोळ्यांसमोर आली. कापडाचं काय केलं की गुन्हा होतो, हे ठरवायचा अधिकार सरकारकडे असला की काय होतं, ते आमच्याइतकं कुणाला ठाऊक असायला हवं? तरीही मी तो कायदा रद्द करा असं म्हणायला धजत नाही. चौकातला तो पंधरा वर्षांचा मुलगा आडवा येतो.

आणि जाळणं आपल्याला परकं आहे असंही नाही. १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, ती आम्ही अभिमानाने शिकलो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. वहीला पाय लागू न देणारे आपले नाना, पण महाडबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी एकदा विचारलं होतं, पुस्तक कसं जाळलं हो त्यांनी? ते म्हणाले, आधी काय काय झालं ते वाच. मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तर लोकांनी मारलं आणि तळं "शुद्ध" करून घेतलं. डिसेंबरमध्ये परत आले, तर कोर्टाचा मनाई हुकूम. तेव्हा त्यांनी मनुस्मृती जाळली. हुकूम मात्र पाळला, तळ्यावर गेले नाहीत. तू विचारशील, ते चालतं तर हे का नाही? मनुस्मृतीने माणसांना खाली ढकललं होतं आणि झेंड्याने वर उचललं, असं मी म्हणणार होते. पण ज्याला त्या झेंड्याखाली कुणी कधी वर उचललंच नाही, तो माझं का ऐकेल?

आणखी एक कारण आहे, ते अभिमानाचं नाही, भीतीचं आहे. तू इथे जन्मलीस. बाबा आणि मी कित्येक वर्षं व्हिसावर काढली, मोर्चा दिसला की रस्ता बदलत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांनी झेंडा जाळणाऱ्यांवर कारवाईचा आदेश काढला, त्यात परदेशी लोकांचे व्हिसा रद्द करण्याचंही होतं. कोर्टाचा निकाल आहे तिथेच आहे, हे मला कळतं. तरी तुझा व्हिडिओ उघडल्यावर मी आधी गर्दीत तू दिसतेस का ते पाहिलं. ज्वाळा नंतर पाहिल्या. म्हणजे माणसाआधी कापड दिसतं, हे तुझं म्हणणं माझ्यापुरतं तरी खरं नाही, सानू.

तू मोर्च्याला जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. जमिनीवरचा झेंडा उचल असंही म्हणणार नाही, तुझी तू ठरव. त्या जाळणाऱ्या मुलाला तू ओळखतेस असं म्हणालीस ना? त्याला माझ्याकडून एवढं विचार, की त्याआधी त्याने काय काय करून पाहिलं होतं आणि कोण कोण ऐकलं नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय. या रविवारी मी विषय बदलणार नाही.

तुझी,
आई