पहिला वाढदिवस झाला, आता पुढे?

गेल्या अंकात मी वर्ष-दीड वर्षाच्या बाळांच्या घरून पत्रं मागवली होती. आई, बाबा, आजी, मावशी, सगळ्यांनी लिहिलं. कराडला माझा बालरुग्णांचा दवाखाना आहे. तिथे जे प्रश्न रोज ऐकते, तेच पत्रांतही जास्त होते. पहिल्या वर्षात भरवलं की बाळ खातं, ठेवलं तिथे राहतं. वर्ष सरलं की त्याला स्वतःचं म्हणणं फुटतं, पण ते बोलून सांगता येत नाही. मग ते तोंड फिरवतं, अंग टाकून देतं, आईच्या कडेवरून उतरत नाही. घरातले त्याला हट्ट म्हणतात आणि आईला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. बहुतेक वेळा कुणाचंच काही चुकलेलं नसतं. पत्रं थोडी आटोपशीर करून, नावं न देता छापते आहे.

प्रश्न : माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. जन्माचं वजन २.९ किलो होतं, वाढदिवसाला ९ किलो भरलं आणि आता ९.३ आहे. दोन महिन्यांत फक्त तीनशे ग्रॅम! आधी वाटीभर खिमट खायचा, आता दोन घासांनंतर तोंड मिटतो. मोबाइल लावल्याशिवाय जेवतच नाही, तरीही तास-दीड तास जातो. निदान पोटात काहीतरी जावं म्हणून दिवसातून चार बाटल्या दूध देते. सासूबाई म्हणतात, पोर वाळलं. (एक आई, चिंचवड)

उत्तर : आधी वजनाचं बघू. तुमच्या मुलाने पहिल्या वर्षात सहा किलो कमावले, म्हणजे जन्माच्या वजनाची तिप्पट झाली. अगदी हवं तसं. दुसऱ्या वर्षात हा वेग कुठल्याच बाळाचा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलग्याचं मधलं वजन वर्षाला ९.६ किलो आहे आणि दोन वर्षांना १२.२. म्हणजे अख्ख्या वर्षात अडीच किलोच्या आसपास. महिन्याला दोनशे ग्रॅमचा हिशेब धरा. तुमचा मुलगा त्याच्या जरासा मागे आहे, पण त्याचं वजन सर्वसाधारण मर्यादेत आहे. वाढ मंदावली की भूकही कमी होते. शिवाय आता तो उंच होतोय, चालतोय, गालांवरची गोलाई उतरतेय. सासूबाईंना दिसतंय ते खरं आहे, पण ते वाळणं नाही.

मला काळजी वाटते ती दुधाची. चार बाटल्या म्हणजे जवळजवळ लिटरभर दूध. एवढ्याने त्याचं पोट भरतं, मग वरण-भाताला जागा कुठून उरणार? दुधात लोह फारच कमी असतं, आणि जास्त दूध प्यायल्याने जेवणातलं लोहही अंगी कमी लागतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. रक्त कमी झालं की भूक मरते, भूक मेली की आई आणखी दूध देते. माझ्याकडे येणारी फिकट, किरकिरी, 'काही खात नाही' म्हणून आणलेली कितीतरी मुलं या फेऱ्यात अडकलेली असतात. तेव्हा दूध दिवसाला चारशे-पाचशे मिलीलिटरवर आणा, तेही कपाने, जेवणानंतर. रात्रीची बाटली आधी बंद करा, ती दातही किडवते. अंगावर पाजत असाल तर खुशाल पाजा, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालतं. एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं सिरप द्यायचा सरकारी कार्यक्रम आहे, ते आशाताईंकडे मिळतं. तुमचे डॉक्टर लोहाचं दुसरं औषध देत असतील तर दोन्ही एकदम सुरू करू नका, आधी विचारा.

आता मोबाइल. दवाखान्याबाहेरच्या बाकावर मला हे रोज दिसतं: आईच्या डाव्या हातात मोबाइल, उजव्या हातात घास, बाळाची नजर पडद्यावर खिळलेली आणि घास जवळ आला की तोंड आपोआप उघडतंय. आपण काय खातोय, पोट भरलंय का, याचा त्या बाळाला पत्ताच नसतो. भूक ओळखायला शिकायचं हेच तर वय. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

घरातले जेवायला बसतात तेव्हा त्यालाही सतरंजीवर शेजारी बसवा. त्याची वेगळी ताटली ठेवा. गुरगुट्या भात, घट्ट वरण आणि तूप वाढा, पण सुरुवातीला चार चमचेच. हातात धरून खाता येईल असं काहीतरी द्या: वरणात भिजवलेला भाकरीचा मऊ तुकडा, शिजवलेल्या गाजराची फोड, इडली. मोड आलेली मटकी मऊ शिजवून, कुस्करून, वर लिंबू पिळून द्या. घरात चालत असेल तर अंडं द्या. सांडू दे, अंगाला माखू दे. वीस-पंचवीस मिनिटं झाली, त्याने मान फिरवली, चमचा ढकलला, की ताटली उचला. रागावू नका, विनवण्याही करू नका. मधल्या वेळात पाणी द्या, बिस्किटं नकोत. काय आणि कधी वाढायचं हे तुम्ही ठरवा, किती खायचं हे त्याला ठरवू द्या. पहिले काही दिवस तो रडेल आणि घरात बोलणीही होतील. सासूबाईंना त्याच्या शेजारी बसून जेवायला सांगा. आजीचा घास बघून नातू घास उचलतो, आणि त्यांनाही आपण काही करतोय याचं समाधान मिळतं. दोन महिन्यांनी पुन्हा वजन करा. काटा अजिबात पुढे सरकला नसेल, किंवा मध्येच जुलाब, ताप, सततचा खोकला असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : भाचीचं पहिलं बोरनहाण आहे. ती तेरा महिन्यांची आहे. नेहमीप्रमाणे बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, शेंगा, हलवा आणि हल्ली चॉकलेटंही टाकतात. काही काळजी घ्यायला हवी का? (एक मावशी, सातारा)

उत्तर : विचारलंत हे फार बरं केलंत. संक्रांतीनंतर आम्हा डॉक्टरांच्या मनात धाकधूक असते. बोराची बी, शेंगदाणा, हरभरा, हलव्याचा दाणा, हे सगळं वर्षाच्या बाळाच्या श्वासनलिकेत अडकेल अशाच मापाचं असतं. दाढा नसल्यामुळे ते चावता येत नाही, आणि समोर पडेल ते तोंडात घालायचं हे वय.

बोरनहाण जरूर करा. काळं झबलं घाला, औक्षण करा, पण बाळाच्या डोक्यावरून फुलांच्या पाकळ्याच ओता. मग बाळाला कडेवर घेऊन बाजूला व्हा आणि बोरं, ऊस मोठ्या मुलांसाठी उधळा. हलव्याचे दागिने फोटोपुरते घाला आणि लगेच उतरवा, दोरा तुटायला एक हिसका पुरतो. नंतर खोली झाडल्याशिवाय बाळाला खाली सोडू नका.

तरी काही अडकलंच तर: बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर त्याला मांडीवर पालथं, डोकं खाली करून धरा आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारा. नाही निघालं तर मागून धरून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली पोट पाच वेळा आत-वर दाबा. पुन्हा थापा, पुन्हा दाब. पोट दाबणं वर्षावरच्या मुलांसाठीच आहे, वर्षाखालच्या बाळाच्या छातीच्या मधोमध दाब द्यायचा. दिसत नसलेली वस्तू काढायला तोंडात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. तेवढ्यात दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा.

प्रश्न : मुलगी तेरा महिन्यांची. धरून उभी राहते, कॉटच्या कडेने सरकते, पण सोडून चालत नाही. शेजारचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला. मी चाकांचा वॉकर आणलाय. वडील म्हणतात, त्यापेक्षा पांगुळगाडा घे. (एक बाबा, बार्शी)

उत्तर : तुमच्या वडिलांचं ऐका. निरोगी मुलं आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही सुटी चालायला लागतात, इतका हा पल्ला मोठा आहे. काही मुलं तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. तुमची मुलगी कडेने सरकते म्हणजे ती वाटेवर आहे.

वॉकरमध्ये मूल बसलेलं असतं. ते चवड्यांनी जमीन ढकलतं, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जिन्याशी किंवा गॅसच्या ओट्याशी पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. तुम्हीही तो परत करा.

पांगुळगाड्यात मुलगी स्वतःच्या पायावर उभी असते, तोल तिचा तीच सांभाळते. मात्र फरशीवर तो पुढे पळतो आणि मूल तोंडावर आपटतं. खालच्या फळीवर किलो-दोन किलोची तांदळाची पिशवी बांधा, अंगणात किंवा सतरंजीवर चालवू द्या, आणि मोठं माणूस कायम हाताच्या अंतरावर हवं. घरात अनवाणीच फिरू द्या. अठरा महिने पूर्ण होऊनही सुटं चालत नसेल, एकच बाजू ओढत असेल, किंवा येत होतं ते करायचं सोडलं असेल, तर दाखवायला उशीर करू नका.

प्रश्न : नाशिकच्या एका कंपनीत आहे. मुलगी वर्षाची झाल्यावर पाळणाघरात घातली. सकाळी सोडताना ती अशी रडते की रिक्षात मीही रडते. संध्याकाळी आले की कडेवरून उतरत नाही, रात्री तीन-चारदा उठून मी आहे ना बघते. आधी कुणाकडेही जायची. नोकरी सोडावी का? (एक आई, नाशिक)

उत्तर : या रडण्यासाठी तरी सोडू नका. आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे, हे तिला आता कळतं. परत येईल की नाही, हे मात्र अजून कळत नाही. दहा ते अठरा महिन्यांत हे सर्वात तीव्र असतं आणि घरी आजीपाशी ठेवलेली बाळंही असंच करतात.

तिची नजर चुकवून निघू नका. पाळणाघरातल्या मावशी चांगल्या मनाने सांगतात, 'तुम्ही जा गुपचूप', पण मग बाळ दिवसभर दाराकडे बघत बसतं. रोज तेच करा: पापी, टाटा, 'आई ऑफिसला जाऊन येते हं', आणि निघा, पुन्हा मागे वळू नका. तुमची वापरलेली ओढणी मावशींकडे द्या, झोपवताना त्या वासाने बाळ शांत होतं. घरी आल्यावर पहिला अर्धा तास स्वयंपाक नको, फोन नको. पोळ्या नवऱ्याने लाटाव्यात किंवा त्या दिवशी भातावर भागवावं. रात्री उठली की दिवा न लावता, जवळ घेऊन थोपटा. या वयाला दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप हवी. पाळणाघरात ती किती झोपते ते विचारा, संध्याकाळची निम्मी किरकिर थकव्याची असते.

आणि एक. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेल्या नियमानुसार, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. तुमच्या कंपनीत ते नसेल तर चार जणी मिळून लेखी विचारा. हा तुमचा हक्क आहे.

प्रश्न : नवरा पुण्याला कामाला, मी सासरी. बाळ पंधरा महिन्यांचं. पाच मिनिटं सोडत नाही. केस विंचरायला मिळत नाहीत. बाळावर ओरडते, मग रडत बसते. बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही. कधी वाटतं, मी नसते तर बरं झालं असतं. घरी सांगितलं तर म्हणतात, आम्ही पाच-पाच वाढवली. (बीड जिल्ह्यातून)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी सगळ्यात आधी वाचायला हवं होतं असं वाटलं. हा आळस नाही आणि तुमच्या आईपणात काही उणंही नाही. बाळंतपणानंतर येणारं नैराश्य वर्ष उलटून गेल्यावरही राहू शकतं. तो आजार आहे, आणि तो बरा होतो. अंगावर पाजत असतानाही चालणारी औषधं आहेत.

'मी नसते तर' हा विचार मनात येतोय, म्हणून आजच टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, त्यांना भेटा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही तपासून घ्या, दोन्ही बिघडली की असंच गळून जायला होतं. तो विचार जोर धरू लागला, तर एकट्या बसू नका. बाळ सासूबाईंकडे द्या, जवळच्या माणसाला तसंच स्पष्ट शब्दांत सांगा आणि दवाखान्यात जा.

हा पुढचा मजकूर तुमच्या घरच्यांसाठी आहे, अंक त्यांच्या हातात द्या. पाच-पाच मुलं वाढली तेव्हा वाड्यात जावा, नणंदा, आत्या, शेजारणी होत्या आणि पोर या हातातून त्या हातात फिरायचं. तुमच्या सुनेच्या वाट्याला तेवढे हात आलेले नाहीत. रोज दुपारी दोन तास बाळ दुसऱ्या कुणीतरी पूर्ण सांभाळावं, मधे तिला हाक न मारता. नवऱ्याने या आठवड्यात सुट्टी काढून गावी यावं आणि तिला डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जावं. पुढच्या महिन्याच्या पगाराची किंवा सणाची वाट बघू नये.