खड्डा बोलला, बाबांनी डिलीट केला

प्रश्न : मुलगी अकरावी विज्ञानला आहे, दहावीला ९१ टक्के. तिला वर्तमानपत्रात राजकीय व्यंगचित्रकार व्हायचंय. छंद म्हणून आमची हरकत नाही, पण मी राज्य शासनाच्या नोकरीत आहे. हिवाळी अधिवेशनावर तिनं काढलेलं चित्र नातेवाइकांच्या ग्रुपवर आलं, ते मी डिलीट करायला लावलं. चित्र सोबत पाठवतो. राजकारण सोडून कार्टूनचं एखादं चांगलं क्षेत्र सुचवा. कॉलेज, परीक्षा, पगार यांचीही माहिती द्यावी.
– एक पालक, नागपूर

उत्तर : चित्र पाहिलं. घाईघाईनं बुजवलेला खड्डा डांबराखालून डोकं वर काढून विचारतोय, "ताफा गेला का?" कल्पना पक्की आहे. 'रस्ता' आणि 'मंत्र्यांची गाडी' ही दोन लेबलं अनावश्यक आहेत. जे दिसतंय ते लिहू नये.

हे तुम्हाला डिलीट करावंसं वाटलं, याची मला ९१ टक्क्यांपेक्षा जास्त काळजी वाटते. कोणाचं नाव नाही, व्यंगावर किंवा जातीवर विनोद नाही. अधिवेशनाच्या तोंडावर रस्ते कसे चकाचक होतात, हे नागपुरात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करू नये, हे वर्तणूक नियमांचं बंधन तुमच्यावर आहे. खड्ड्याचं चित्र काढायला तुमच्या मुलीला तुमच्या कार्यालयाची परवानगी लागत नाही. तुम्ही स्वतः ते फॉरवर्ड करू नका, एवढं पुरे. घरातच पहिला सेन्सॉर बसला की मूल निरुपद्रवी चित्रं काढायला शिकतं, आणि ती सवय पुढे कोणताही संपादक मोडू शकत नाही.

राजकारण सोडून अॅनिमेशन आहे, बालपुस्तकांची चित्रं आहेत, जाहिरात आहे. चांगली क्षेत्रं आहेत, पण तिनं ती मागितलेली नाहीत.

परीक्षांचं थोडक्यात : बारावीनंतर राज्याच्या सीईटी सेलची एएसी सीईटी (उपयोजित कला व हस्तकलेची प्रवेश परीक्षा), मग बीएफए (ललित कलेची पदवी), चार वर्षं. तुमच्या शहरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहेच.

पण 'चित्रकला उत्तम, म्हणजे व्यंगचित्रकार' हा समज काढून टाका. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयानं प्रवेश नाकारला होता. ते म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातून बीए झाले. संपादकीय व्यंगचित्र हा रेषेत लिहिलेला अग्रलेख असतो. अर्थसंकल्पातली तूट म्हणजे काय, विधेयक विधान परिषदेत अडकतं म्हणजे काय होतं, हे न कळणारा माणूस फक्त नेत्यांची नाकं लांब काढत राहतो. म्हणून मी तिला राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन बीए, आणि रेखाटनाचा रोज सराव, असं सुचवेन. विज्ञान सोडायची घाई नको. बारावी विज्ञाननंतरही बीएला प्रवेश मिळतो.

सराव असा. सकाळी दोन पेपर, एक मराठी, एक इंग्रजी. पेन्सिल उचलण्याआधी त्या दिवसाच्या विषयावर स्वतःचं मत एका वाक्यात लिहायचं. ते वाक्य जमत नसेल तर विषय समजलेला नाही. चित्र काढू नये. मग पाच-सहा छोटी कच्ची रेखाटनं. पहिली कल्पना बहुधा फेकावी, कारण ती सगळ्यांनाच सुचलेली असते. पक्कं चित्र छपाईच्या दुप्पट आकारात, वॉटरप्रूफ काळ्या शाईनं. साध्या शाईवर रंगाचा ओला ब्रश फिरला की ती पसरते. शेवटी मोबाइलवर फोटो काढून तो आगपेटीएवढा करून पाहायचा. बारीक जाळीची छटा तिथं काळा डाग होते आणि चेहरा हरवतो. घड्याळ लावून दोन तासांत हे सगळं. वर्तमानपत्रात यापेक्षा जास्त क्वचितच मिळतात.

नाव घेऊन आरोप करणारं चित्र असेल तर आधी बातमीची खातरजमा. बदनामी आपल्याकडे फौजदारी गुन्हाही आहे, आणि तो चित्रालाही लागू होतो.

पगाराचं खरं सांगायचं तर पूर्णवेळ जागा मोजक्याच आहेत. न्यूयॉर्क टाइम्सनं २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली राजकीय व्यंगचित्रं बंदच केली. त्यामुळे जोडीला उपसंपादन किंवा इन्फोग्राफिक्स यायला हवं. या मुद्द्यावर तुमची काळजी रास्त आहे, आणि तिच्याशी बोलायचं ते यावर.

पुढच्या अधिवेशनात तिला कामकाजाच्या प्रत्येक दिवशी एक चित्र काढू द्या. फसलेली चित्रंही ठेवायची. मला पाठवायची असतील तर पाच पाठवा. निवड मात्र तिनं करायची.