अकरा वर्षांच्या मुलीकडून शाळेला कसला दाखला हवा आहे?

प्रश्न: माझी मुलगी ११ वर्षांची आहे. जन्मदाखल्यावर ‘मुलगा’ असं आहे, पण गेली तीन वर्षं ती शाळेत मुलगी म्हणूनच वावरते आणि शाळेने ते मान्य केलं होतं. यंदा तिची मुलींच्या रिले संघात निवड झाली. ‘आमच्या मुलींवर हा अन्याय आहे’ अशी काही पालकांनी तक्रार केल्यावर तिला संघातून काढलं. ‘अंगाची तपासणी करून डॉक्टरांचा दाखला आणा, तोवर मैदानावर यायचं नाही’ असंही तोंडी सांगितलं. मी काय करू?

उत्तर: ताई, आधी एक गोष्ट पक्की करा. अशा तपासणीला होकार देऊ नका. खेळाच्या तासाला येण्यासाठी मुलीचं शरीर तपासून घ्या, असं सांगण्याचा अधिकार कोणत्याही शाळेला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे, आणि तो लहान मुलांनाही आहे. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत धावपटू शांती सौंदरराजन यांचं ८०० मीटरचं रौप्यपदक अशाच तपासणीनंतर काढून घेतलं गेलं. त्या पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या) नव्हत्या, तरी त्यांच्या शरीराची चर्चा जगभर झाली. तुमच्या मुलीवर तशी वेळ शाळेतच येऊ देऊ नका.

आता कायदा. मैदानबंदी आणि संघातली जागा हे दोन वेगळे मुद्दे आहेत, ते पत्रातही वेगळे ठेवा. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ च्या कलम १३ प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने खेळाची संधी भेदभाव न करता द्यायची आहे. त्यामुळे मैदानबंदी सरळसरळ बेकायदा आहे.

संघाचं तसं नाही. कोणत्या गटात खेळवायचं हे कलम १३ सांगत नाही, तिथे आपल्याला युक्तिवाद करावा लागेल. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका पारलिंगी ज्युदोपटूला अंतरिम (अंतिम निकालाआधीच्या तात्पुरत्या) आदेशाने महिला गटात खेळू दिलं, कारण आयोजकांनी वेगळी सोयच केली नव्हती. हा आदेश इतर राज्यांत बंधनकारक नाही, पण दाखवण्याजोगा नक्की आहे.

त्या पालकांना मी खोटं ठरवणार नाही. वयात आल्यावर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे उंची, स्नायू आणि वेग यांत मोठा फरक पडतो. जागतिक जलतरण महासंघाने २०२२ मध्ये आणि जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने २०२३ मध्ये पारलिंगी महिलांवर निर्बंध घातले, ते मुख्यतः याच कारणाने. पण हे नियम आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी होते, आणि त्यांचा मुख्य भर पौगंडावस्थेतल्या बदलांवर होता. तुमची मुलगी अजून वयात आलेली नसेल, तर ज्या फरकाची भीती घातली जाते आहे तो अजून पडलेलाच नाही. दोन-तीन वर्षांनी प्रश्न नव्याने उभा राहील हे मात्र मनात धरा. तेव्हा तिच्या डॉक्टरांचं मत लागेल आणि माझं उत्तर कदाचित इतकं ठाम नसेल.

मुख्याध्यापकांना आजच लेखी अर्ज द्या. तिला कोणत्या नियमाने काढलं त्याची प्रत मागा आणि उत्तर येईपर्यंत सराव चालू ठेवा असं लिहा. तोंडी बंदी लेखी द्यायची वेळ आली की बहुतेक शाळा थबकतात. कलम ११ प्रमाणे शाळेने नेमायचा तक्रार अधिकारी कोण, हेही विचारा. उत्तर आलं नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि बालहक्क आयोगाकडे जाता येईल. स्पर्धेची तारीख जवळ असेल तर थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागेल.

अर्जात मुलीच्या शरीराबद्दल एक शब्दही लिहू नका. आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.